म्हाताऱ्या आई-बाबांचं करणं: महिने वाटू नका, कामं वाटा

आमच्याकडे वावराची वाटणी झाली की त्याच बैठकीत आई-बाबांचीही होऊन जाते. सहा महिने थोरल्याकडे, सहा महिने धाकट्याकडे. कुठे कुठे तर बाबा एका पोराकडे आणि आई दुसऱ्याकडे. कोणाला बोलायला जागा राहत नाही, म्हणून चार मंडळी माना डोलावून चहा पिऊन उठतात. घोटाळा पहिल्या पाळीनंतर कळतो. डॉक्टरची चिठ्ठी थोरल्याच्या कपाटात, रिपोर्ट धाकट्याच्या. एका घरी बीपीची गोळी सकाळी, दुसऱ्या घरी आठवण झाली तेव्हा. आणि ज्या माणसाला विसर पडू लागलाय, ते रात्री उठतं, जुन्या घरात न्हाणी जिकडे होती तिकडे पाय टाकतं आणि नव्या घराच्या पायरीवर पडतं.

त्यापेक्षा माणूस एका घरी, एका बाजेवर राहू द्यावा आणि कामं वाटून घ्यावी. ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून एक घर धरू. वर्धा जिल्ह्यातलं गाव, आई 76 वर्षांची, बीपी आणि शुगर, गुडघे गेलेले. थोरला गावात पाच एकर करतो. धाकटा चाकणला कंपनीत आहे. बहीण आर्वीला दिलेली. असं घर तुमच्या गल्लीतही असेल.

आधी आठवडाभर लिहून काढा

बैठक बसायच्या आधी एक वही करा. आईचं एका आठवड्यात काय काय करावं लागतं ते लिहायचं, आणि समोर करणाऱ्याचं नाव. हे काम थोरल्याने स्वतःच्या मनाने करू नये. जी सून करते तिने सांगावं, पोरांपैकी कोणीतरी लिहावं.

यादी पाहून घरातल्यांचेच डोळे उघडतात. सकाळी उठवून बसवणं, तोंड धुवायला पाणी, आंघोळीचं पाणी तापवणं, पाठ चोळणं, लुगडं बदलणं, वेणी, पायाची नखं, जेवणाआधीची गोळी, जेवणानंतरची गोळी, भाकर दुधात कुस्करून देणं, दुपारी तीनदा पाणी विचारणं, रात्री दोनदा उठवून लघवीला नेणं, ओलं झालं तर अंथरूण धुणं. बाहेरची वेगळी: गोळ्या आणणं, शुगर तपासणं, बँक, तहसील, रेशनचा अंगठा. शिवाय आईला ‘पाहायला’ येणाऱ्यांचा चहा. (आजारी माणसाला भेटायला यावं, जरूर यावं, पण चार जणांनी एकदम येऊन दोन तास बसू नये. हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे लिहितो.)

समोरच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच नाव येतं, आणि ते सुनेचं असतं. आता हे पैशात पाहा. कापूस वेचणी किलोवर असते. ऑक्टोबर ते जानेवारी या दिवसांत जी बाई सासूसाठी घरी थांबते, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते, किंवा घरचा कापूस वेचायला बाहेरची बाई लावावी लागते. धाकटा म्हणतो, ‘मी महिन्याला पैसे पाठवतो.’ थोरल्याच्या घरातून जातो तो पैसा मात्र कोणी मोजतच नाही. वही झाली की तो दिसतो.

बैठक कधी आणि कशी

महालक्ष्म्यांना आणि दिवाळीला सगळे गावात येतात, पण सणाच्या दिवशी हा विषय काढू नका. जेवणावळ आटोपलेली असते, पाहुणे असतात, कोणीतरी रडतं आणि विषय तिथेच राहतो. सण झाल्यावरचा एक दिवस राखून ठेवा. बहिणीला बोलवाच. ‘ती दिल्या घरची’ म्हणून तिला बाजूला ठेवणारे भाऊ पुढे आजारपणात तिलाच फोन करतात. आणि सुना बैठकीत बसल्या पाहिजेत. स्वयंपाकघरातून ऐकणं म्हणजे बसणं नव्हे.

आईला बैठकीआधी एकटं गाठून विचारा: कोणाकडे राहायला आवडेल, कोणाच्या हातची आंघोळ नको वाटते, कशाची भीती वाटते. आई बहुधा ‘तुम्ही ठरवाल तसं’ म्हणेल. तिथे थांबू नका. ‘संडासला जायचा त्रास होतो का, पोरं रात्री उठत नाहीत का’ असं एकेक विचारा, मग बोलेल. बायकांचं काही मुलीजवळच निघतं.

बैठकीत जुनी उणीदुणी निघणारच. लग्नात कोणाला किती दिलं, विहिरीचा खर्च कोणी केला. कोणीतरी एकाने वही हातात घेऊन ‘हे नंतर’ म्हणायचं काम पत्करा. मामा किंवा शाळेतले निवृत्त गुरुजी असे कोणी असतील तर उत्तम.

कोणी काय घ्यायचं

वहीतल्या कामांचे तीन भाग पाडा: हात लावूनच होणारी, फोनवरून होणारी, आणि पैशाने होणारी.

हात लावायची कामं थोरल्याच्या घरी येणार, त्याला इलाज नाही. पण ती नवरा-बायकोत वाटा. रात्रीचं उठणं मुलाने घ्यावं. आईला उचलणं, दवाखान्यात नेणं, नखं काढणं ही कामं मुलगा करू शकतो, आणि यात लाज कसली तेच मला कळत नाही. दहावीतली नात गोळ्यांचा डबा भरू शकते.

फोनवरची सगळी कामं चाकणवाल्याची. औषधं संपायच्या आठ दिवस आधी आठवण, डॉक्टरची तारीख घेणं, रिपोर्टचे फोटो जपून ठेवणं, योजनेचे अर्ज, विजेचं बिल, आईचा मोबाइल रिचार्ज. शिवाय संध्याकाळी ठरल्या वेळी आईला व्हिडिओ कॉल. तो कॉल वहिनीला ‘आईला नीट पाहता ना’ विचारायला करायचा नाही. आईशी गावातल्या गप्पा मारायला करायचा, म्हणजे तेवढा अर्धा तास वहिनी मोकळी होते.

बहिणीने काय घ्यायचं? महिन्यातून एकदा येऊन अंगभर तपासणं: पाठ, टाचा, तळपाय, तोंडातलं. रोज पाहणाऱ्याला जे दिसत नाही, ते महिन्याने येणाऱ्याला दिसतं. आणि वेचणीच्या दिवसांत, सोयाबीनच्या सोंगणीत पंधरा दिवस येऊन राहणं, किंवा आई हिंडू-फिरू शकत असेल तर तिला माहेरपणासारखं आर्वीला नेणं. महिन्यांच्या पाळीत आणि यात फरक आहे. आई पाहुणी म्हणून जाते, औषधाची पिशवी सोबत जाते आणि परत यायचं घर ठरलेलं असतं.

वाटप हंगाम पाहून करा. जूनमध्ये पेरणी, पोळ्याच्या आसपास फवारणी, मग सोंगणी, वेचणी. या काळात गावातला भाऊ कमी पडणार हे धरूनच चला आणि बाहेरच्याने रजा त्या वेळी घ्यावी. गणपतीत चार दिवस येऊन गावभर फिरण्यापेक्षा वेचणीतले चार दिवस जास्त कामाचे.

पैशाची वही वेगळी

गोळ्या, डायपर, तपासण्या, गाडीभाडं यांची एक वही, आणि बिलाचे फोटो भावंडांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात. खर्च समसमान वाटायचा हट्ट धरू नका. पगार ज्याचा आहे त्याने रोख जास्त द्यावी, जो राबतो त्याची राबणूक धरावी. रक्कम थोडी असली तरी ठरल्या तारखेला यावी. मागायला लागलं की वहिनीच्या मनात गाठ बसते.

आईचे स्वतःचे पैसे तिच्याच खात्यात राहू द्या. निराधारचे पैसे आले की परस्पर किराण्यात जातात, हे घरोघरी चालतं, पण त्यातले थोडे तिच्या हातात पडले पाहिजेत. नातवाला दहा रुपये देता आले तर म्हाताऱ्या माणसाची मान वर राहते. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रात अंगठा लावून पैसे काढता तेव्हा पावती घ्या, आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. अंगठा एकदा लावला की दोनदा, हे आपल्याकडे नवीन नाही.

घर: सुरुवात संडासापासून

बरेच त्रास एका ठिकाणाहून सुरू होतात. संडास अंगणापलीकडे, तीन पायऱ्या वर, आत उकिडवं बसावं लागतं. गुडघे दुखतात, रात्री अंधार, कोणाला उठवायचा संकोच. म्हणून आई पाणीच कमी पिते. पाणी कमी म्हणून लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग, चक्कर, आणि एक दिवस न्हाणीत पडते. खुब्याचं हाड मोडलं की बहुतेक वेळा ऑपरेशन आणि महिनोन्‌महिने अंथरूण. सून म्हणते, ‘पाणी द्या म्हटलं तर घेतच नाहीत.’ नाही घेणार. आधी संडास जवळ आणा.

कमोडची खुर्ची आणून छपरीत, आडोशाला ठेवा. पडदा लावा. न्हाणीत आणि संडासात गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी पाइपचा दांडा बसवून घ्या, बसलेल्या माणसाचा हात सहज पोचेल अशा उंचीवर. बाज ते न्हाणी या वाटेवरची पायपुसणी, वायरी, बादल्या हलवा. रात्रभर एक छोटा दिवा जळू द्या. बाजेची सुतळी ढिली असेल तर कसून घ्या, कारण झोळ पडलेल्या बाजेवरून उठताना माणूस पुढे झोक खातो. बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत.

औषधं आणि उन्हाळा

एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं, कशासाठी, कोणत्या वेळी, हे मोठ्या अक्षरात लिहून बाजेजवळच्या भिंतीवर चिकटवा. त्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर आधी हा कागद दाखवा, नाहीतर एकच औषध दोन नावांनी दोनदा पोटात जातं. शुगर-बीपीच्या साध्या गोळ्या आणि तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताईंना आईचं नाव सांगून ठेवा.

शुगर खाली जाणं जास्त घातक, कारण ते पटकन होतं. घाम, थरथर, गोंधळलेलं बोलणं दिसलं की शुगर तपासा. 70 च्या खाली असेल, किंवा तपासायला मशीनच नसेल, तर तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. इन्सुलिन फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं नाही. फ्रीज नसेल तर मातीच्या मडक्यात थोडं पाणी घालून आत कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत बाटली ठेवा आणि मडकं सावलीत, वाऱ्यावर. लोडशेडिंगच्या गावात हे उपयोगी पडतं.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, तर विचारायलाच नको. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून मागेल तेव्हा देऊ असं चालत नाही. तासातासाने अर्धा पेला: पाणी, पातळ ताक, आंबील, पन्हं (शुगर असेल तर गुळाशिवाय). बीपीसाठी लघवी होण्याची गोळी चालू असेल, किंवा हृदयाचा, किडनीचा त्रास असेल, तर उन्हाळ्यात गोळी आणि पाणी किती, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारून घ्या. टिनाच्या छपराखाली दुपारी बाज ठेवू नका. कूलर लावताना अर्थिंग तपासून घ्या आणि चालू कूलरच्या पत्र्याला ओला हात लागू देऊ नका. त्या शॉकने दर उन्हाळ्यात माणसं जातात.

आणखी एक, आणि हे घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. काल नीट बोलणारी आई आज एकाएकी असंबद्ध बोलू लागली, माणसं ओळखेना, तर त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नका. ‘बाहेरचं’ म्हणून अंगाऱ्याकडेही धावू नका. लघवीचा संसर्ग, शरीरातलं मीठ कमी होणं, शुगर वरखाली होणं, पाणी कमी पडणं, यातलं काहीतरी असतं, आणि वेळेत गेलं तर उतरतं.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं वेगळं. दर दोन तासांनी कूस बदला, रात्रीही. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहा. लाली आली आणि बोटाने दाबल्यावरही ती जात नाही, तर ती जखमेची सुरुवात आहे. जेवण नेहमी बसवून, आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका.

रात्री धावपळ झाली तर

आधीच ठरवा: गाडी कोणाची, आईसोबत कोण जाणार, घरी कोण थांबणार, फोन कोण करणार. 108 ची गाडी मोफत येते, पण गाव आडबाजूला असेल तर गावातल्या गाडीवाल्याचा नंबरही भिंतीवर लिहा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर तो लकवा आहे. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेल चोळण्यात, झाडपाला देणाऱ्याकडे जाण्यात ते तास घालवू नका. सीटी स्कॅन होतं अशाच ठिकाणी जा: वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम, सावंगी, आणि यवतमाळ, अकोला, चंद्रपूर, गोंदियाकडच्यांना शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. लक्षणं नेमकी किती वाजता सुरू झाली, ते लिहून घ्या. डॉक्टर सगळ्यात आधी तेच विचारतात.

कागदांची पिशवी

आधार, रेशनकार्ड, पासबुक, रिपोर्ट आणि खालची कार्डं एकाच पिशवीत, एकाच खुंटीवर.

सत्तरीच्या वर वय असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, भरती होऊन घ्यायच्या उपचारांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. त्याखालच्या वयासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. दोन्हीत रोजच्या गोळ्यांचा खर्च येत नाही. रुग्णालयात गेल्या गेल्या ‘आरोग्य मित्र’ (या योजनांसाठी रुग्णालयात बसणारा मदतनीस) कुठे बसतो ते विचारा, आणि पैसे भरायच्या आधी विचारा.

65 च्या वरच्या गरीब माणसाला श्रावणबाळ योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात, अर्ज तहसीलमध्ये. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही की पैसे अडकतात, तेव्हा ती तारीख चाकणवाल्याच्या मोबाइलमध्ये लावून ठेवा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत चष्मा, काठी, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच 3,000 रुपये मिळतात. वय 65 च्या वर आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत लागतं. एसटीत 75 वर्षांवरच्यांना तिकीट नाही, 65 ते 75 ला अर्धं. वावरात राबून बोटांच्या रेषा झिजतात आणि अंगठा उमटत नाही. आधार केंद्रात जाऊन बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करून घ्या.

वावर नावावर करताना

‘जो करेल त्याच्या नावावर करते’ असं आई म्हणते आणि बक्षीसपत्र होऊन जातं. करायला हरकत नाही, पण सांभाळ, औषधपाणी आणि राहायची जागा देण्याची अट त्याच कागदात लिहून घ्या. 2007 च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 प्रमाणे, अशा अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन नंतर सांभाळलं नाही, तर ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट तोंडीच राहिली की सिद्ध करता करता दम लागतो. सातबारा पूर्ण रिकामा करू नये, हे माझं स्पष्ट मत. थोडंतरी वावर शेवटपर्यंत आईच्या नावावर असावं.

प्रकरण हाताबाहेर गेलंच तर अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. तिथे वकील लावावा लागत नाही. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं सगळे जबाबदार धरले जातात, आणि महिन्याला 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. आधी नुसतं विचारायचं असेल तर ज्येष्ठांसाठीचा 14567 हा मोफत नंबर आहे.

करणारीची सुट्टी

वाटपात हे लिहूनच घ्या: महिन्यातले दोन दिवस आणि वर्षातले सलग आठ-दहा दिवस सुनेला पूर्ण सुट्टी. माहेरी जाईल, नाहीतर घरीच झोपून राहील, तिची मर्जी. त्या दिवसांत बहीण किंवा धाकटी जाऊ येईल. तिने आल्यावर ‘तुम्ही असं का करता, तसं का करत नाही’ असं सुरू करू नये. करणारीची पद्धत भिंतीवरच्या कागदावर लिहिलेली आहे, तशीच चालवावी.

सुनेची चिडचिड वाढली, झोप उडाली, आईवर हात उगारला गेला, तर तिला वाईट ठरवून विषय मिटवू नका. कामं जास्त झाली आहेत. वही काढा आणि पुन्हा वाटा. तसंही दर दवाखान्याच्या भरतीनंतर यादी बदलतेच. चालणारी आई आणि अंथरुणावरची आई यांच्या कामांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आणि एखादा भाऊ काहीच करत नसेल तर? दहा घरांत एखादा असा निघतोच. त्याच्यासाठी बैठक अडवू नका. बाकीच्यांनी वाटून घ्यावं आणि त्याला एकच, लहान, ठरावीक काम द्यावं, जसं दर महिन्याच्या पाच तारखेला डायपरचं एक पाकीट ऑनलाइन मागवून घरी पोचतं करणं. ‘आईकडे लक्ष दे’ म्हटलं की तो ‘हो’ म्हणतो आणि विसरतो. ‘पाच तारीख, मोठं माप, गावचा पिनकोड’ असं सांगितलं की बहुधा करतो.